टोक छाटलेले गळ

श्यामकांत उकिडवेइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. त्याच्या तोंडावर, त्याच्याच घरात, त्याच्या बायकोने केलेली साबुदाण्याची खिचडी खात खात शंभरदा बोललो आहे. त्यावर तो हसायचा आणि उठून खिडकी लावून घ्यायचा. माझा आवाज मोठा, आणि दुपारी एक ते तीन आमच्या इमारतीत शांतता पाळायचा नियम होता.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमधल्या त्या चार मजली इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, मी तिसऱ्यावर. तो सांगलीचा, मी वेंगुर्ल्याचा. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मेझरिंग रूममध्ये होता, मी दुसऱ्या एका लहान कंपनीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करायचो. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग कुठे कमी-जास्त झाला हे शोधणं म्हणजे त्याची नोकरी. तिथे त्याचा हात कधी हलला नाही. पण तोच माणूस एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, तिकीट हातात धरून बसायचा, खिशात ठेवायचाच नाही. तपासनीस डब्यात चढला की हा अर्धा उठून उभा! मी म्हणायचो, "अरे, तो तिकीट बघायला आलाय, तुला फाशी द्यायला नाही." दह्याचे रिकामे डबे तो साबणाने घासून कचऱ्यात टाकायचा. खिडकीचं पाकीट आलं, म्हणजे सरकारी पत्र आलं, की ते टेबलावर ठेवून आधी पेलाभर पाणी प्यायचा, मग बायकोला, वासंतीला, हाक मारायचा, मग फोडायचा.

त्याचे वडील नगरपालिकेत कारकून होते. भलत्याच कुणीतरी केलेली सही त्यांच्या नावावर खपली आणि ते नऊ महिने घरी बसले. शेवटी निर्दोष ठरले, पण त्या नऊ महिन्यांत दाराची कडी वाजली की आईच्या हातातलं भांडं कसं पडायचं, हे श्यामकांतने मला एकदाच सांगितलं. मला ते ऐकून कीव यायला हवी होती. मी म्हणालो, "म्हणून तू जर्मनीत डबे घासतोस होय?" माझ्या जिभेला हाड नाही, हे सुनेत्रा, म्हणजे माझी बायको, रोज सांगते.

असा माणूस मासे धरायला जायचा, हे मला कळलं तेव्हा मी जिन्यातच बसकण मारून हसलो. घरात अंडं न शिजणाऱ्या कुटुंबातला हा, आणि मासे!

त्याला ते वेड लावलं तळमजल्यावरच्या हेर शाइब्लेंनी. हे निवृत्त टूलमेकर. हिंगाच्या फोडणीचा वास खाली जातो की काय या धास्तीने श्यामकांत माफी मागायला गेला, तर म्हातारा टेबलाला लावलेल्या छोट्या व्हाइसमध्ये तांदळाच्या कणीएवढा गळ पकडून त्यावर रेशमाचा धागा गुंडाळत बसलेला. पिसाचे दोन तंतू, धाग्याचे सहा वेढे, झाली माशी. ट्राउट माशाला ती खरी वाटते. श्यामकांत माफी मागायची विसरला. त्या संध्याकाळपासून तो खाली जाऊन बसू लागला, आणि वर्षभरात त्याच्या माशा म्हाताऱ्याच्या माशांहून बारीक झाल्या. जर्मनीत मासे धरायला परीक्षा द्यावी लागते. तीस तासांचा वर्ग, साठ प्रश्न. याने साठच्या साठ बरोबर सोडवले. २००५च्या हिवाळ्यात शाइब्ले गेले. त्यांच्या मुलीने त्यांची काठी आणि माशांची डबी वर आणून श्यामकांतच्या हातात ठेवली. वडील तसं सांगून गेले होते म्हणे.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं. २००६च्या एप्रिलमध्ये माझी कंपनी बंद पडली. नोकरी गेली की इथे राहायचा परवानाही डळमळतो. तीन महिने मी अर्ज करत होतो. जुलैअखेर दुसरी नोकरी मिळाली, एक ऑक्टोबरला हजर व्हायचं होतं. पण नव्या नोकरीसाठी नवा परवाना, आणि त्यासाठी परदेशी लोकांच्या कचेरीतला टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला बारा सप्टेंबरचा. तोवर हातात एक घडी घातलेला कागद, तीस सप्टेंबरपर्यंत चालणारा. परवाना वेळेत मिळाला नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर बाडबिस्तरा उचलायचा. आमची सुरुची त्याच महिन्यात पहिलीत जाणार होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तरं जर्मनमध्ये द्यायची. तिला वेंगुर्ल्याच्या शाळेत नेऊन बसवायचं या विचाराने सुनेत्रा ओट्यापाशी उभी राहून गुपचूप रडायची, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो. श्यामकांतला भित्रा म्हणणारा मी, पहाटे साडेतीनला उठून त्या कागदावरची तारीख परत परत वाचत होतो.

माझी ती दशा बघून श्यामकांत म्हणाला, "शनिवारी चल माझ्याबरोबर नदीवर. नुसता बसून राहा. बरं वाटेल."

सव्वीस ऑगस्ट. एस-सहा या लोकलने वाइल डेर श्टाट, तिथून बस, मग चालत. नागोल्ड नदीचा तो भाग जंगलाच्या कडेने जातो. श्यामकांतने पुलाजवळच्या पेट्रोल पंपावर मासे धरायचा दिवसाचा पास घेतला, तारीख दोनदा तपासली, आणि पास प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला. उन्हाळा संपत आला होता. पाणी उतरलेलं, आणि इतकं नितळ की तळाचे दगड मोजून घ्यावेत. अशा पाण्यात ट्राउट फार बिचकतो, तो मला सांगत होता. मोठी माशी टाकली की पळतो. या दिवसांत तो बारीक किडे खातो, म्हणून माशीही तेवढीच बारीक हवी, आणि दोऱ्याचं टोक केसाहून पातळ.

"म्हणजे तुझ्यासारखाच आहे," मी म्हणालो. "सगळ्याला घाबरतो."

"गेनाऊ, अगदी तसाच," तो म्हणाला.

तो मांड्यांपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उतरला आणि काठी मागे-पुढे हलवू लागला. दोर हवेत उलगडायचा, आणि टोकाची ती कणीएवढी माशी पाण्यावर आवाज न करता बसायची. मी काठावर बसून वासंतीने दिलेल्या पुऱ्या खात होतो. चार वर्षांत मी त्याला प्रथमच खांदे सैल सोडून उभा राहिलेला पाहिला. मग पाण्यात एक बारीक वर्तुळ उठलं, दोर किंचित ताठ झाला आणि लगेच ढिला पडला. श्यामकांत हसला. पुन्हा टाकली, पुन्हा वर्तुळ, पुन्हा ढिला. तासाभरात असं सात-आठ वेळा झालं.

"अरे, ओढ की! सुटतायत सगळे."

तो काठावर आला आणि मला माशी दाखवली. गळाचं टोक पकडीने छाटलेलं होतं.

"हे काय?"

"परीक्षेत शिकवलं होतं," तो म्हणाला. "मासा मजेसाठी पकडून सोडून देणं हा गुन्हा आहे. प्राण्याला विनाकारण त्रास. मापात असेल तर मारायचा आणि खायचा. मला मारता येणार नाही आणि खाता येणार नाही. म्हणून टोकच काढून टाकतो. तो येतो, माशी तोंडात घेतो, थुंकतो, जातो. मला तेवढं पुरतं."

"पण असं चालतं का? विचारलंस कुणाला?"

"नाही विचारलं. नको म्हणाले तर?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या सात पिढ्या मासे खात आल्या. ताटावर बसून नुसता वास घेऊन उठायचा हा प्रकार माझ्या डोक्यात जाईना. त्याच्या डबीत एक ओळ वेगळी होती. त्या शाइब्लेंनी बांधलेल्या माशा, टोकासकट. म्हाताऱ्याच्या हातचं काम म्हणून याने त्यांना पक्कड लावली नव्हती.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी वरच्या वळणापर्यंत जाऊन दगडांखाली कुठले किडे आहेत बघून येतो. काठीला हात लावू नकोस हं. तुझ्याकडे लायसन्स नाही." आणि काठी झाडाला टेकवून गेला.

मी हात लावला. का लावला याचं कारण द्यायचं तर, पाच महिने माझ्या हातात काही नव्हतं. सगळं दुसऱ्याच्या हातात होतं, कुठल्यातरी कचेरीत, कुठल्यातरी फायलीत. मला एक वस्तू हवी होती जी मी ओढली की येईल. मी डबीतून म्हाताऱ्याची एक माशी काढली. माझी बोटं जाड, दोरा दिसेना, सहा वेळा गाठ सुटली. सातव्यांदा बसली. लहानपणी खाडीवर हजार गळ बांधलेत, ती गाठ हात विसरत नाहीत. मला त्याच्यासारखं फेकता येत नव्हतं. मी माशी नुसती पाण्यावर सोडली आणि वाहत वाहत झाडाच्या मुळांखाली जाऊ दिली.

काठी वाकली. वाकली म्हणजे माझ्या हातातून जाते की काय अशी वाकली. पाण्यातून एक जाडजूड ट्राउट उसळला, अंगावर लाल ठिपके, आणि मी वेड्यासारखा ओरडलो. आनंदाने ओरडलो. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

ओरडलो आणि वर पाहिलं. पुलावर एक माणूस उभा होता. हिरवं जाकीट, छातीवर बिल्ला, पायाशी तपकिरी कुत्रा. डोळ्यांवरची दुर्बीण त्याने खाली घेतली, हात वर केला आणि काठाच्या पायवाटेने आमच्याकडे चालू लागला.

लायसन्सशिवाय मासा धरणं इथे चोरीसारखाच गुन्हा आहे, हे श्यामकांतने बसमध्येच मला सांगितलं होतं, आणि मी जांभई दिली होती.

श्यामकांत वळणावरून पाणी उडवत धावत आला. त्याने मला पाहिलं, वाकलेली काठी पाहिली, पायवाटेवरचा माणूस पाहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा आता इथेच चक्कर येऊन पडणार.

"दोरा तोडतो," मी म्हणालो. "जाऊ दे मासा."

"नको. तो बघतोय. तोडलास तर कळेल." त्याने माझ्या हातातून काठी काढून घेतली. "माझ्या मागे उभा राहा. काही बोलू नकोस."

या माणसाने आयुष्यात एकही मासा ओढला नव्हता. शाइब्लेंकडून ऐकलं होतं तेवढंच. मासा पळेल तेव्हा दोर सोड, थांबेल तेव्हा घे. त्याचे ओठ थरथरत होते, पण मनगट नाही. मासा झाडांच्या मुळांकडे जायचा आणि हा त्याला वळवून आणायचा. मी मागे उभा राहून देवाला सांगत होतो, दोरा तुटू दे. मग सांगत होतो, तुटू देऊ नको. कुठलं बरं हेच मला कळत नव्हतं. पायवाटेवरचे बूट जवळ येत होते.

त्याने मासा जाळीत घेतला आणि तो माणूस आमच्याशेजारी येऊन उभा राहिला. साठीचा असावा.

"पेट्री हाइल," तो म्हणाला. मासे धरणारे एकमेकांना असं म्हणतात, हसत हसत. हा हसला नाही.

"पेट्री डांक," श्यामकांत म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मी फिशरीचा निरीक्षक. कागद नंतर बघतो. आधी मासा."

श्यामकांतने खिशातून पट्टी काढून माशाला लावली. एकतीस सेंटिमीटर. पंचवीसच्या वरचा मासा ठेवावाच लागतो. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला की आता पुढे काय करायचं आहे. श्यामकांतला हे मासा जाळीत घेतानाच कळलं असणार.

डोक्यात मारायचा लाकडी दांडका त्याच्या पिशवीत होता. नियमाप्रमाणे जवळ बाळगावा लागतो. त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"नवा दिसतोय," निरीक्षक म्हणाला.

"हो."

श्यामकांतने गुडघे टेकले. जाळीतल्या माशाच्या पाठीवर डावा हात ठेवला. मासा कल्ले उघडत होता, मिटत होता. त्याने दांडका उचलला आणि मारला, पण दार वाजवावं इतक्या जोराने. मासा तडफडला. श्यामकांतच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलाचा निघतो तसा.

"जोरात," निरीक्षक म्हणाला. "हळू मारणं हा जास्त छळ आहे."

दुसऱ्यांदा त्याने जोरात मारलं. मासा ताणला गेला आणि थांबला. मग त्याने सुरी काढली, कल्ल्यांमागे बोटाने जागा चाचपली आणि हृदयात खुपसली, परीक्षेच्या पुस्तकात होतं अगदी तसं. साठपैकी कुठल्यातरी एका प्रश्नाचं ते उत्तर होतं. त्याच्या बोटांवर रक्त आलं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याच हाताने त्याने कागद काढून दिले, आणि पासवर रक्ताचा ठसा उमटला.

निरीक्षकाने पास बघितला, लायसन्स बघितलं. मग माझ्याकडे वळला. मी पासपोर्ट आणि तो घडी घातलेला कागद दिला. त्याने कागद उलगडला, शेवटपर्यंत वाचला, मागून-पुढून पाहिला आणि माझं नाव आपल्या वहीत उतरवून घेतलं. एकेक अक्षर.

"आल्झो, तर मग," तो श्यामकांतला म्हणाला, "मासा तुम्ही पकडलात?"

"हो."

"पुलावरून मला वेगळं दिसलं."

कुत्रा मेलेल्या माशाचा वास घेत होता. श्यामकांतचे कान लाल झाले होते. सरकारी माणसासमोर खोटं बोलणं म्हणजे याच्यासाठी काय, हे मला ठाऊक होतं. टॅक्सच्या फॉर्मवर कामाचं अंतर साडेसात किलोमीटर लिहावं की सात पूर्णांक चार, म्हणून हा दोन रात्री झोपला नव्हता.

"मीच पकडला," तो म्हणाला. "हा माझा मित्र. बघायला आलाय."

निरीक्षकाची वही अजून उघडीच होती. "आमच्या गावात एक भारतीय डॉक्टर आहे," तो म्हणाला. "अंडंसुद्धा खात नाही. तुम्ही खाता?"

"खातो."

"हा मासा तुम्ही खाणार?"

"हो. मी खाणार."

"कसा करता?"

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

"हळद, तिखट, मीठ लावून," श्यामकांत म्हणाला. "रव्यात घोळवून तव्यावर." माझ्या घरातून चार वर्षं वास येत होता, त्या वासावरून त्याने सांगितलं.

"रव्यात? मी बटरमध्ये करतो," निरीक्षक म्हणाला. त्याने वही मिटली. जाताना माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "तुमचं नाव माझ्याकडे आहे."

परतीच्या बसमध्ये श्यामकांत माझ्या शेजारी बसला. मासा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर होता. वासंतीच्या डब्याच्या पिशवीत तो घालता येत नव्हता. वाइल डेर श्टाट आल्यावर तो म्हणाला, "फ्रीझरमध्ये ठेव. फेकू नकोस."

"कशाला?"

"विचारलं तर?"

घरी पोचल्यावर त्याने कायद्याचं पुस्तक काढलं, आणि रात्री जिन्यात मला थांबवून सांगितलं. ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे आणि चौकशी चालू आहे, त्याच्या परवान्याचा निर्णय चौकशी संपेपर्यंत थांबवून ठेवतात. म्हणजे त्या निरीक्षकाने नुसतं एक पत्र टाकलं तरी पुरे. बारा सप्टेंबर गेला, एक ऑक्टोबर गेला, नोकरी गेली.

"हे सांगायलाच हवं होतं का मला?" मी ओरडलो. माझ्यासाठी त्याने दिवसभरात काय केलं होतं हे माहीत असून ओरडलो. त्याने जिन्यातली खिडकी लावली.

पुढचे सतरा दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. अकराच्या सुमाराला पोस्टाची बाई पिवळी सायकल घेऊन यायची. तिची घंटी ऐकू आली की सुनेत्रा खिडकीतून बघायची. मला खाली जायचं धैर्य होत नव्हतं, एकदोनदा तर मी न्हाणीघरात जाऊन बसलो. एकदा खिडकीचं पाकीट आलं. ते हातात घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर श्यामकांतच्या दारात उभा राहिलो, कारण मला ते फोडता येईना. त्याने आतून दोन पेले पाणी आणलं. एक तो प्यायला, एक त्याने मला दिला. पत्र टीव्हीच्या वर्गणीचं होतं. आम्ही दोघं दारातच भिंतीला टेकून बसलो, आणि मला हसू येतंय की रडू हे मला सांगता आलं नसतं.

आणि फ्रीझर. सुरुचीला आइस्क्रीम द्यायला सुनेत्राने दार उघडलं की ते वर्तमानपत्राचं पुडकं दिसायचं. तिने ते मागे ढकललं, वर मटारची पिशवी ठेवली. तरी तिला ते दिसायचंच. "अहो, टाकून द्या ना ते," ती म्हणायची. "घरात पोलीस येऊन बसल्यासारखं वाटतं." मी म्हणायचो, श्यामकांत नको म्हणतोय. श्यामकांत सांगेल ते मी ऐकू लागलो होतो.

बारा सप्टेंबरला कचेरीतल्या बाईने माझं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि पडद्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मग माझा पासपोर्ट उचलला आणि काही न बोलता खोलीबाहेर गेली. भिंतीवर घड्याळ होतं. आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांत मी आमचं घर रिकामं केलं, फर्निचर विकलं, सुरुचीचा हात धरून विमानात चढलो. बाई परत आली. या खोलीतला प्रिंटर बिघडला होता म्हणून ती शेजारी गेली होती. पासपोर्टात नवा परवाना चिकटवलेला होता, दोन वर्षांचा.

घरी आलो तर श्यामकांत अर्धी रजा टाकून जिन्यात बसलेला. मी पासपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने माझं नाव एकेक अक्षर करून तपासलं, तारीख तपासली, पुन्हा नाव तपासलं. मग पासपोर्ट दोन्ही हातांनी मला परत केला.

"आज रात्री सगळे बाहेर जेवायला," मी म्हणालो. "आणि तो मासा आधी फेकतो."

तो उठला आणि माझ्याबरोबर वर आला. सुनेत्राला म्हणाला, "वहिनी, तो मासा आज करा."

सुनेत्रा बघतच राहिली. "भाऊजी, आता कशाला? मिळाला की परवाना."

"मी खाणार असं सांगितलंय त्यांना."

"अरे, तो कुठे बघायला येणार आहे?" मी म्हणालो. "वेडा आहेस का? संपलं ते."

"मासा मी पकडला म्हणालो, ते खोटं," श्यामकांत म्हणाला. "ते आता खरं करता येत नाही. खाणार म्हणालो, ते करता येतं."

"वासंतीला माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, जेवून या, आंघोळीचं पाणी काढून ठेवते."

सुनेत्राने मासा धुतला, हळद-तिखट लावलं, रव्यात घोळवला. तेलाचा आवाज झाला तेव्हा श्यामकांत टेबलाशी ताठ बसून होता, हात मांडीवर, कचेरीत बाकावर बसतो तसा. ताट पुढे आलं. त्याने पाठीचा तुकडा उचलला आणि तोंडाकडे नेला.

"थांब!" मी ओरडलो. तो सरळ घास घेत होता. काटे असतात, ते आधी काढायचे असतात, हे त्याला माहीतच नव्हतं. मी त्याचं ताट माझ्यापुढे ओढलं. कणा वेगळा केला, बाजूचे बारीक काटे एकेक करून काढले, सुरुचीसाठी काढतो तसे, आणि नुसतं मांस त्याच्यापुढे ठेवलं. त्याने तोंडात घातलं. त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. डोळ्यांत पाणी आलं, पण थांबला नाही. चावत होता, गिळत होता, पाणी पीत होता. मी काढत होतो, तो खात होता.

अर्ध्याहून जास्त झालं तेव्हा मी म्हणालो, "बस कर आता. झालं. खाल्लास तू."

डोक्याकडचा आणि शेपटीकडचा भाग मी बाजूला ठेवला होता. त्याने त्याकडे बोट केलं. "हा मासा खाणार का, असं विचारलं त्यांनी," तो म्हणाला. "अर्धा खाणार का, असं नाही विचारलं."

मी शेपटीकडचा तुकडा ओढून घेतला. त्या भागात काटे फार बारीक असतात, आणि मला ते दिसेनात. दोनदा डोळे पुसले तरी दिसेनात. शेवटी सुनेत्राने ताट माझ्या हातून काढून घेतलं, आणि उरलेले काटे तिने काढले.